सासऱ्यांच्या डिझेल गाडीत दोन हजारांचं पेट्रोल

पत्र: मी ठाण्यात कासारवडवलीला राहते. रोज माझी पेट्रोलची छोटी गाडी घेऊन वागळे इस्टेटला ऑफिसला जाते. गेल्या शनिवारी सासूबाईंना नाशिकला सोडायचं होतं म्हणून बाबांची, म्हणजे सासऱ्यांची मोठी गाडी काढली. ती २०१८ची आहे, डिझेलवर चालते. टाकी पाव भरलेली होती. घोडबंदर रोडवरच्या पंपावर सवयीने ‘दोन हजारांचं टाका’ म्हटलं, मोबाइलवरून पैसे दिले आणि निघाले. मानपाड्यापर्यंत गाडी नीट चालली. मग ओढेनाशी झाली, इंजिन टकटक वाजू लागलं, मागून पांढरा धूर आला आणि कापूरबावडीच्या अलीकडे ती बंद पडली. दोन-तीनदा चावी मारून पाहिली, सुरू झाली नाही. तेव्हा कुठे पावती बघितली. पेट्रोल, १९ लिटरच्या वर. मी तोंडाने ‘पेट्रोल’ म्हटलं होतं का, खरंच आठवत नाही. पंपाचा मॅनेजर म्हणतो, मॅडमनीच सांगितलं. गाडी टो करून जवळच्या गॅरेजला लावली आहे. गॅरेजवाला म्हणतो, साडेतीन हजारांत टाकी साफ करतो, थोडं राहिलं तर वर डिझेल टाकलं की जिरून जातं. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने फोनवरच सांगितलं, पंप, इंजेक्टर सगळं बदलावं लागेल, पावणेदोन लाख धरून चाला. नवरा म्हणतो, गॅरेजवाल्याकडूनच गुपचूप करून घेऊ. बाबा गावी संगमेश्वरला आहेत, गणपतीला आपण याच गाडीने जाणार आहोत, त्यांना कळणारही नाही. बाबांचा या गाडीवर फार जीव आहे. मला झोप लागत नाही. काय करू? – एक सून, ठाणे

ताई, बाकीचं नंतर वाचा, आधी गॅरेजला फोन लावा. सांगा, ‘मी म्हणेपर्यंत गाडी सुरू करून बघायची नाही, इग्निशन ऑनसुद्धा करायचं नाही.’ गाडी दोन हात सरकवायची असली तरी स्टार्टर मारायची गॅरेजमधल्या पोरांना सवय असते. आणि बऱ्याच गाड्यांत नुसतं इग्निशन ऑन केलं तरी टाकीतला छोटा पंप चालू होतो आणि टाकीत जे असेल ते पुढे ढकलतो. हलवायचीच असेल तर ढकलत न्या.

झाला फोन? आता तुमच्या गाडीत शनिवारी काय झालं ते सांगते. ते कळलं की साडेतीन हजार आणि पावणेदोन लाख या दोन्ही आकड्यांकडे कसं बघायचं ते तुमचं तुम्हालाच उमगेल.

पंपावरून निघताना गाडी नीट चालली, कारण टाकीपासून इंजिनापर्यंतच्या नळीत आणि फिल्टरमध्ये जुनं डिझेल शिल्लक होतं. ते संपेपर्यंत इंजिनाला काही पत्ताच नव्हता. मानपाड्याच्या आसपास मिश्रण पुढे पोहोचलं. पाव टाकी डिझेलवर १९ लिटर पेट्रोल म्हणजे त्यात अर्ध्याहून जास्त पेट्रोलच. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. हवा इतकी दाबली जाते की ती प्रचंड तापते आणि त्या उष्णतेनेच डिझेल पेटतं. पेट्रोल नेमकं उलट्या गुणाचं. नुसत्या दाबाने पेटू नये असंच ते बनवलेलं असतं, ऑक्टेन म्हणतात तो हाच गुण. त्यामुळे ते उशिरा, वेडंवाकडं पेटलं, त्याची टकटक झाली. जे पेटलंच नाही ते पांढरा धूर होऊन मागून गेलं. या भागाने इंजिनाचं सहसा मोठं नुकसान होत नाही. ऐकायला भयानक वाटतं, एवढंच.

खरी काळजी हाय प्रेशर पंपाची. १९९७च्या सुमारास प्रवासी गाड्यांत कॉमन रेल पद्धत आली, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच जाड नळीतून, रेलमधून, मोठ्या दाबाने डिझेल पुरवायची पद्धत. तुमच्या गाडीतही तीच आहे. तुमच्या टायरमध्ये साधारण २ बार दाबाची हवा असते, या रेलमध्ये डिझेल १,६०० बारच्या घरात किंवा त्याहून जास्त दाबाने भरलेलं असतं. तो दाब तयार करणाऱ्या पंपाला वेगळं तेल घालत नाहीत, डिझेलचा स्वतःचा ओशटपणा हेच त्याचं वंगण. पेट्रोल पातळ तर आहेच, शिवाय ते ओशटपणा धुऊन काढतं. मग धातूवर धातू घासतो आणि बारीक चुरा सुटतो. तो चुरा रेलमध्ये जातो, तिथून सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरच्या केसाएवढ्या भोकांत जातो, आणि उरलेलं इंधन रिटर्न लाइनने टाकीत परत येतं तेव्हा त्याच्यासोबत टाकीतही येतो.

म्हणून आता महत्त्वाचा प्रश्न एकच आहे: चुरा सुटला की नाही. मानपाडा ते कापूरबावडी हे अंतर फार नाही. मेट्रोच्या कामामुळे तिथे गाडी पळण्यापेक्षा रांगतेच जास्त, त्यामुळे इंजिनावर जोरही फारसा पडला नसणार. नंतर दोन-तीनदा चावी मारली तेव्हाही पंप फिरलाच, तेही हिशेबात धरायला हवं. अशा गाड्या नुसत्या सफाईवर वाचतात आणि अशाच गाड्यांचे पंप जातातही. फोनवरून कोणालाच हे सांगता येत नाही, मलाही नाही आणि सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवरच्या मुलालाही नाही. त्याने पावणेदोन लाखांचा आकडा गाडी न बघता सांगितला. गॅरेजवाल्याने गाडी पाहिली, पण त्याने जो उपाय सांगितला त्यात तपासणी कुठेच नाही. दोघांनाही आत्ता हो म्हणू नका.

गॅरेजवाल्याचं ‘जिरून जातं’ हे कुठून येतं तेही सांगते, कारण तो फसवतोय असं मला वाटत नाही. जुन्या जीप, टेम्पो आणि ट्रकचे पंप दणकट असायचे, दाब कमी असायचा. लिटर-दोन लिटर पेट्रोल गेलं तर ड्रायव्हर वर डिझेल भरून पुढे निघायचा आणि गाडीही चालायची. त्या गाड्यांवर हात बसलेल्या मिस्त्रीला ते खरंच वाटतं. कॉमन रेलला ते लागू नाही, आणि इथे तर पेट्रोल अर्ध्याच्या वर आहे. ‘पेट्रोल हलकं असतं, वर तरंगतं, वरचं काढून घेऊ’ असं कोणी म्हणालं तर तिथून गाडी उचला. ही दोन्ही इंधनं एकमेकांत पूर्ण मिसळतात.

आता काम कसं करून घ्यायचं. गॅरेज कोणतंही चालेल, पण ते गाडीतल्या डिझेल पंपाचं आणि इंजेक्टरचं काम करणारं हवं आणि त्यांच्याकडे तुमच्या गाडीच्या कॉम्प्युटरला लागणारा स्कॅनर हवा. ठाणे-बेलापूर पट्ट्यात टेम्पो-ट्रकमुळे डिझेलची कामं करणारे पुष्कळ आहेत, वागळे इस्टेटमध्येही शोधलंत तर सापडतील. नवं काहीही बसवण्याआधी जुना डिझेल फिल्टर तुमच्यासमोर उघडायला सांगा. त्यातलं इंधन पांढऱ्या कापडावर किंवा स्वच्छ ताटलीत ओतायचं आणि उन्हात धरायचं. चंदेरी चकाकणारी पूड दिसली तर पंपाचं पोट घासलं गेलंय. काही दिसलं नाही तर पंपाला इंधन जिथून आत मिळतं तिथला व्हॉल्व्ह काढून तिथेही बघायचं, कारण फिल्टर पंपाच्या आधी असतो आणि पंपातून सुटलेला चुरा त्याच्यापर्यंत टाकीला वळसा घालूनच पोहोचतो. दोन-तीन किलोमीटरमध्ये तो वळसा पूर्ण झालेला नसू शकतो. ही दुसरी तपासणी बरेच जण टाळतात, कारण वेळ जातो. तुम्ही तिच्यासाठी अडून बसा, मजुरी जास्त पडली तरी द्या.

चुरा नसेल तर काम सरळ आहे. टाकी खाली उतरवून पूर्ण रिकामी करायची, आतला छोटा पंप आणि जाळी धुवायची, जाणारी आणि परतीची अशा दोन्ही लाइन साफ करायच्या, नवा फिल्टर घालायचा, ताजं डिझेल भरायचं, हवा काढायची आणि मगच स्टार्टर मारायचा. सुरू झाल्यावर स्कॅनरवर रेलचा दाब जितका मागितलाय तितका मिळतोय का ते बघायचं आणि चारही इंजेक्टरचं रिटर्न मोजायचं. एखादा जास्त परत सोडत असेल तर तो एकटा काढून तपासता येतो. इंजिन ऑइलही बदलून टाका. न पेटलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरून खाली ऑइलमध्ये उतरतं आणि ते पातळ करतं. साडेतीन हजारांत हे सगळं होणार नाही, पण लाखाच्या जवळपासही जाणार नाही.

चुरा असेल तर मात्र सर्व्हिस सेंटरचं म्हणणं मोठ्या अंशी खरं ठरेल. तेव्हा काटकसर म्हणून नुसता पंप बदलू नका. रेल, नळ्या आणि टाकीत राहिलेला चुरा नव्या पंपालाही खातो. इंजेक्टर मात्र सरसकट बदलायच्या आधी टेस्ट बेंचवर लावून बघता येतात, त्यात पैसे वाचू शकतात.

टाकी कुठे उतरवतात हेही विचारा. कोणी ‘सोसायटीतच येऊन करून देतो’ म्हणाला तर स्पष्ट नाही म्हणा. आगीच्या बाबतीत हे मिश्रण पेट्रोलच समजायचं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरत जाते आणि तळघरातल्या पार्किंगमध्ये साचून राहते. एखादी ठिणगी, एखादा पंखा, बस. तोंडाने नळी ओढून इंधन काढायचा उद्योग तर कोणालाच करू देऊ नका, घोटभर फुप्फुसात गेलं तर माणूस थेट आयसीयूत जातो. काढलेलं इंधन कोणी ‘माझ्या टेम्पोत घालतो’ म्हणून मागेल, तेही देऊ नका.

आता पेट्रोल पंपाकडे वळू. मॅनेजर म्हणतो तुम्हीच सांगितलंत, तुम्हाला आठवत नाही. आठवत नाही तर तेच लिहा, ‘मी डिझेलच म्हटलं होतं’ असं घुसडू नका. तुमची बाजू तशीही कमकुवत नाही. तुमच्याच पत्रातल्या शब्दांवर जायचं तर तुम्ही फक्त रक्कम सांगितलीत. मग कोणतं इंधन, हे विचारणं भरणाऱ्याचं काम होतं. बहुतेक डिझेल गाड्यांच्या झाकणावर तसं ठळक लिहिलेलं असतं, तुमच्या गाडीवर आहे का ते बघा आणि फोटो काढून ठेवा. नवी नंबर प्लेट बसवून घेतली असेल तर काचेवर रंगीत स्टिकर असेल, डिझेलचा नारिंगी आणि पेट्रोल किंवा सीएनजीचा फिकट निळा. त्याचाही फोटो घ्या. पेट्रोलची नोझल बारीक असल्याने ती डिझेलच्या तोंडात सहज शिरते, म्हणून ही चूक याच बाजूने जास्त होते. पंपावर रोज उभं राहणाऱ्या माणसाला हे माहीत असतं.

पंपावरच्या कॅमेऱ्यात बहुधा आवाज नसतो, त्यामुळे तुम्ही काय बोललात याचा निवाडा त्यातून होणार नाही. पण झाकण कोणी उघडलं, तुम्ही खाली उतरला होतात की आतच बसून होतात, मुलाने काही विचारल्यासारखं वाटतं का, हे दिसतं. जुनं चित्रण पुसून त्यावर नवं होत राहतं. म्हणून आजच मॅनेजरला दोन ओळींचं पत्र द्या: अमुक दिवशी, अमुक वेळेचं चित्रण जपून ठेवावं. पोच घ्या. प्रत्येक पंपावर तक्रार वही असते, तिच्यातही लिहा. पंपावरच्या फलकावर तेल कंपनीच्या अधिकाऱ्याचा नंबर असतो, त्यालाही कळवा. बरेच पंपमालक इथपर्यंत आल्यावर सफाईचा खर्च वाटून घ्यायला तयार होतात आणि तसा प्रस्ताव आला तर माझ्या मते घ्यावा. नाहीच ऐकलं तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, आणि त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९च्या कायद्यानुसार तुम्ही जिथे राहता तिथल्या आयोगात तक्रार करता येते, घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते आणि वकील लावलाच पाहिजे असं नाही. पण खर्च टाकीच्या सफाईपुरताच निघाला तर त्या वाटेला जाऊन तारखा मोजत बसणं मला तरी परवडणारं वाटत नाही. गाडीचा हाय प्रेशर पंप बदलायची वेळ आली तर मात्र नक्की जा.

विम्यावर फार भिस्त ठेवू नका. गाडीच्या नेहमीच्या पॉलिसीत अपघात, आग, चोरी, पूर असं सगळं धरलेलं असतं, यांत्रिक बिघाड त्यातून वगळलेला असतो आणि चुकीचं इंधन सहसा त्याच खात्यात टाकतात. इंजिन प्रोटेक्ट नावाचं जादा संरक्षण घेतलं असेल तर त्यातल्या अटी वाचा, ते बहुतेकदा पाणी शिरण्यासाठी असतं. रस्त्यावरच्या मदतीचं कलम असेल तर टो करण्याचे पैसे मिळू शकतात. विमा कंपनीला कळवायचं असेल तर गाडी उघडण्याआधी कळवा, नंतर सर्व्हेअर बघणार काय?

आणि इथेच तुमच्या नवऱ्याचा बेत कोसळतो. पॉलिसी बाबांच्या नावावर, आरसी बाबांच्या नावावर. त्यांच्या सहीशिवाय क्लेम नाही, आयोगात नुकसानभरपाई मागायची तर गाडीचा मालक बाजूला ठेवून चालणार नाही. ही झाली कागदाची बाजू. दुसरी बाजू अशी की तुम्ही याच गाडीने सासूबाईंना घेऊन गणपतीला गावी निघणार. अर्धवट साफ केलेल्या गाडीचा पंप ठाण्यात जाणार नाही, तो कशेडी, भोस्ते नाहीतर परशुरामच्या चढावर जाईल, रात्री, पावसात, मागे गाड्यांची रांग लागलेली असताना. आणि गावात पोहोचलीच तर पुढे ती बाबाच चालवणार, काही माहीत नसताना. नवऱ्याला एवढंच सांगा. वाईट हेतूने तो बोलला असं नाही, तुम्हाला बोलणी बसू नयेत म्हणूनच त्याने हा मार्ग काढला. पण इतकी वर्षं एक गाडी वापरलेल्या माणसाला तिचा आवाज बदलला की कळतो हे तो विसरला.

बाबांना आजच फोन करा, फोन तुम्हीच करा, नवऱ्याकडून नको. सुरुवात रडण्याने करू नका, नाहीतर त्यांना वाटेल अपघात झाला. ‘बाबा, आम्ही सगळे ठीक आहोत. गाडीत चुकून पेट्रोल भरलं गेलं, थोडी चालली आणि बंद पडली. आता गॅरेजला आहे, मी अजून काहीच उघडू दिलेलं नाही. फिल्टर तपासून मग ठरवायचं म्हणतेय. तुम्हाला कोणाकडे न्यावीशी वाटते?’ या शेवटच्या प्रश्नाला फार महत्त्व आहे. त्यांचा वर्षानुवर्षांचा एखादा मिस्त्री असणारच, आणि तो कदाचित तुम्ही आणि मी मिळून शोधू त्यापेक्षा बरा निघेल. चिडतील, चिडू द्या. सासूबाई गाडीत होत्या, त्यांना तर सगळं माहीतच आहे. गणपतीत त्या तिघींना सांगतील आणि बाबांना ते आरतीच्या वेळी बाहेरच्याकडून कळेल, हे जास्त वाईट. तुमच्या पत्रात ही गोष्ट कुठेच विचारात घेतलेली दिसली नाही, म्हणून आठवण करून देते.

यापुढे दोन इंधनांच्या गाड्या एकाच घरात असणार, तेव्हा डिझेलच्या झाकणाच्या आतल्या बाजूलाही मोठ्या अक्षरांत डिझेल लिहून टाका आणि पंपावर रकमेच्या आधी इंधनाचं नाव घ्या, ‘डिझेल, दोन हजार’. पेट्रोलच्या गाडीत डिझेल गेलं तर धूर होतो, प्लग काळे पडतात, गाडी बंद पडते, पण ते तुलनेने स्वस्तात निस्तरतं. पुढेमागे नवी डिझेल गाडी घेतलीत आणि तिला निळ्या झाकणाची वेगळी टाकी असली तर तिच्यातला युरियाचा द्राव चुकूनही डिझेलच्या टाकीत जाऊ देऊ नका, ते पेट्रोलपेक्षा महागात पडतं.

दुरुस्ती झाल्यावर लगेच लांब जाऊ नका. आठ-दहा दिवस ठाण्यातच फिरवा, एकदा उपवनवरून येऊरचा चढ चढवून बघा, ओढ नीट लागते का, डॅशबोर्डवरचा इंजिनाचा दिवा पेटतो का. दोन-तीनशे किलोमीटर झाले की नवा फिल्टर पुन्हा उघडून घ्या. तोही स्वच्छ निघाला तर खुशाल गावी न्या. पहिला काढलेला फिल्टर डब्यात घालून जपा, पंपवाल्याशी बोलताना लागेल. आणि गाडीवर सगळी भिस्त ठेवू नका. रेल्वेचं वेटिंग तर आताच शंभरच्या पुढे गेलं असेल, पण खोपटहून सुटणाऱ्या गणपती स्पेशल एसटीचं आरक्षण आजच बघून ठेवा.